कोकणचे बेने इस्रायल : ओळख आणि वारसा

बंगळूरच्या दक्षिण भागातील जे. पी. नगरातून निघून म्हैसूरच्या रस्त्यास लागले म्हणजे दोन-तीन तासांत श्रीरंगपट्टण येते. किल्ल्याचे तट, टिपू सुलतानाचा उन्हाळी महाल आणि इंग्रज कैद्यांना ज्यात कोंडले जाई ती काळोखी दालने पाहून प्रवासी पुढे जातात. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात, म्हणजे १७८० ते १७८४ या काळात, टिपूच्या हाती जे कंपनीचे लोक सापडले त्यांत एक मराठी बोलणारा देशी अंमलदार होता. पलटणीत तो समाजी हसाजी दिवेकर या नावाने ओळखला जाई. त्याचे मूळ नाव सॅम्युएल एझिकिएल. कैद्यांना शिक्षा फर्मावली जात असता टिपूच्या मातेने त्याला त्याची जात विचारली, त्याने ‘बेने इस्रायल’ असे उत्तर दिले, आणि हे नाव कुराणात येते हे ठाऊक असल्यामुळे तिने त्याचे प्राण वाचविले, अशी कथा त्या समाजात सांगतात. कथेतील किती भाग इतिहासाच्या कसोटीला उतरेल हे ठरविणे कठीण आहे. परंतु दिवेकर जिवंत परतला आणि केलेल्या नवसाप्रमाणे त्याने १७९६ साली मुंबईत एक प्रार्थनामंदिर बांधले, हे मात्र निर्विवाद आहे. ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे त्याचे नाव. आजूबाजूचे लोक त्याला जुनी मशीद म्हणत. तो रस्ता आज सॅम्युएल स्ट्रीट म्हणून परिचित आहे आणि जवळच्या मस्जिद रेल्वे स्थानकाचे नावही याच ‘मशिदी’वरून पडले असे सांगितले जाते. पुण्यात दाविद ससून यांनी बांधावयास घेतलेल्या व १८६७ साली पुऱ्या झालेल्या सिनेगॉगला पुणेकरांनी ‘लाल देऊळ’ म्हटले. ज्यू प्रार्थनामंदिराला शेजाऱ्यांपाशी वेगळा शब्द नव्हता. तेव्हा कोणी आपली मशीद उसनी दिली, कोणी आपले देऊळ.

दिवेकराने प्रार्थनामंदिर तर बांधले, पण तेथे वाचावयाचा धर्मग्रंथ, म्हणजे तोराची हस्तलिखित गुंडाळी, त्याच्या समाजापाशी नव्हती. ती मिळवावी म्हणून तो कोचीनला गेला आणि तेथेच १७९७ मध्ये वारला. ग्रंथ नाही, पुरोहित नाही, हिब्रू वाचणारा माणूस नाही, अशा स्थितीत एक समाज शतकानुशतके स्वतःला इस्रायलची लेकरे म्हणवीत राहिला. हे त्याला कसे साधले, हा आजच्या व्याख्यानाचा मुख्य प्रश्न होय.

समाजाची परंपरा अशी की, त्यांचे पूर्वज घेऊन येणारे गलबत चौलच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्यावर फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते नवगावास पुरण्यात आली. तेथील उंचवटे आजही दाखवितात व त्या ठिकाणी स्मारक उभारलेले आहे. ही घटना केव्हाची, याविषयी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासून पुढे कित्येक तर्क झाले आहेत. हायिम सॅम्युएल किहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला, तो तेल अवीवमध्ये १९३७ साली छापला गेला. त्यात या कालनिर्णयाचा पुष्कळ खल आहे. पूर्वजांचे सामान बुडाले, त्याबरोबर ग्रंथही बुडाले, असे या कथेत गृहीत आहे. एका अर्थी पुढील सर्व उणिवांचे स्पष्टीकरण तिच्यात आधीच दिलेले आहे.

कोकणात या लोकांनी तेलाच्या घाण्याचा धंदा पत्करला. शनिवारी ते घाणा जुंपीत नसत. म्हणून गावाने त्यांना ‘शनवारतेली’ म्हटले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ‘सोमवारतेली’ झाले. ही योजना लक्षात घेण्यासारखी आहे. गावाला त्यांचा धर्म समजला नव्हता. पण त्यांचा वार समजला होता, आणि जातींच्या व्यवस्थेत तेवढ्यावर जागा मिळत होती. आडनावे गावांवरून पडली : किहीमकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, अष्टमकर, नवगावकर. नावांनीही मराठी वळण घेतले. सॅम्युएलचा समाजी झाला, आयझॅकचा इसाजी, एझिकिएलचा हसाजी. स्त्रिया लुगडी नेसत, मंगळसूत्र घालीत, मेंदी लावीत. पाहणाऱ्याला शेजारच्या कुळवाडी घरात आणि यांच्या घरात फरक दिसला नसता. मात्र मुलाची सुंता आठव्या दिवशी होई आणि प्रत्येक प्रसंगी, लग्नात, सुंतेच्या वेळी व मृत्यूच्या उशाशी, ‘शमा इस्रायल’ हे एकच हिब्रू वचन म्हटले जाई. सगळ्या हिब्रूपैकी तेवढेच उरले होते.

सणांची नावेही मराठीच होती. वर्षारंभीचा तो नव्याचा सण. त्यानंतर खिरीचा सण. प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस तो दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसावयाचे व कोणाचा स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. वसंतातील पुरीम हा होळीचा सण झाला. या यादीत हनुक्का नाही. पूर्वजांचे आगमन हनुक्काच्या स्थापनेपूर्वी झाले असले पाहिजे, असा निष्कर्ष काही अभ्यासकांनी त्यावरून काढला आहे. विसरण्याला इतके काटेकोर कालमापन मानणे धाडसाचे आहे.

दाविद रहाबी नावाच्या परदेशी ज्यूची कथा या समाजात फार आदराने सांगितली जाते. या अनोळखी लोकांचा धर्म काय, असा त्याला संशय आला. त्याने त्यांच्या स्त्रियांपुढे काही मासे ठेवले आणि ते शिजविण्यास सांगितले. स्त्रियांनी पर व खवले असलेले मासे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. ज्यू धर्मशास्त्राचा हाच नियम आहे. रहाबीची खात्री पटली. त्याने तीन तरुणांना हिब्रू शिकविले व त्यांना समाजाचे काझी नेमले. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर ही घराणी त्यांची. या कथेतील परीक्षेला बसल्या त्या स्त्रिया, आणि परीक्षा झाली ती स्वयंपाकघरात. ग्रंथ बुडाला तरी चुलीपाशी चाललेले शास्त्र बुडाले नव्हते.

सर्व ज्यू जगात न आढळणारी एक गोष्टही याच चुलीपाशी वाढली. अलिबागजवळ खंडाळे येथे एका खडकावर रथाच्या चाकाची व घोड्याच्या टापेची खूण दाखवितात; एलियाहू संदेष्टा येथून स्वर्गास गेला अशी श्रद्धा आहे. या स्थळाला ‘एलियाहू हनाबीचा टप्पा’ म्हणतात. लग्नाआधी, नवस फेडताना, नव्या घरात प्रवेश करताना एलियाहूच्या नावाने मलीदा केला जातो : भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडे आणि वर फळे. प्रार्थना हिब्रू, ताट मात्र कोकणातले. परदेशातून आलेल्या काही धर्मपंडितांना हा प्रकार हिंदू प्रसादासारखा वाटला. तसा तो आहेच. त्याने त्याचे ज्यूपण कमी होते असे मानण्याचे कारण नाही.

एकोणिसाव्या शतकात या समाजाला ग्रंथ परत मिळाला, आणि तो मराठीतून मिळाला. कोचीनहून शिक्षक आले, मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, यात शंका नाही. पण मराठीत उतरविलेला जुना करार वाचून बेने इस्रायलांपैकी फारच थोडे ख्रिस्ती झाले. उरलेले अधिक जाणते ज्यू झाले. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा मराठी भाषांतरासह मुंबईत १८४६ साली छापली गेली. पुण्यात १८७४ साली निघालेल्या सचित्र हग्गादेत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत. मिसरातून सुटलेल्या लोकांची ती कथा चित्रकाराने सहजपणे आपल्या घरात आणून बसविली. पुढे १८८०च्या सुमारास बेने इस्रायलांनी कीर्तनही आपलेसे केले. पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी, सगळे तेच. चरित्र मात्र अब्राहामाचे, योसेफाचे किंवा मोशेचे. किहीमकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ मध्ये मुंबईत मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे माझगावची एली कदूरी शाळा म्हणून नावारूपास आली. महात्मा गांधींवर उपचार करणारे डॉ. अब्राहाम एरूलकर, १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस, इंग्रजी कवी निस्सीम एझिकिएल आणि चित्रपटातील डेव्हिड हे याच लहानशा समाजाचे.

इतके होऊनही, हे लोक खरे ज्यू आहेत काय, हा प्रश्न त्यांचा पिच्छा सोडीना. बगदादहून आलेल्या श्रीमंत ज्यूंनी त्यांच्याशी सोयरीक टाळली आणि प्रार्थनेच्या वेळी त्यांना गणतीत धरण्यासही खळखळ केली. येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही : खुद्द बेने इस्रायलांतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे भेद होते, आणि गोरे काळ्यांना जवळजवळ तसेच वागवीत. ज्यांना उंबऱ्याबाहेर उभे केले जाते त्यांनीही आपल्या घराला एक उंबरा करून ठेवला होता. कोकणातील गावगाड्याकडून घेतलेली ही देणगी मलीद्याइतकी गोड नव्हती.

इस्रायलची स्थापना १९४८ मध्ये झाल्यावर स्थलांतर सुरू झाले. येथे त्यांना कोणी छळले म्हणून ते गेले नाहीत, असे बेने इस्रायल स्वतःच आवर्जून सांगतात. काही धर्माच्या ओढीने गेले, काही नोकरीच्या आशेने, पुष्कळसे आधी गेलेल्या भावंडांच्या मागे. तेथे पोचल्यावर रंगावरून होणारा भेदभाव अनुभवून काही कुटुंबांनी १९५१ मध्ये धरणे धरले आणि भारतात परत पाठविण्याची मागणी केली. त्यांतले काही परतलेही. त्याहून कठीण प्रसंग १९६२ मध्ये आला. इस्रायलच्या मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले की बेने इस्रायलांचा विवाह इतर ज्यूंशी लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी परके मासे बाजूला सारले होते त्यांना आता कागदपत्र मागितले गेले. दोन वर्षे निदर्शने झाली. अखेर १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने हा समाज सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचा आहे असे जाहीर केले आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. २०१६ मध्ये जनुकशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बेने इस्रायलांमध्ये स्थानिक भारतीय अंशाबरोबरच मध्यपूर्वेतील ज्यूंशी नाते सांगणारा अंशही आढळला. समाजात या बातमीचे स्वागत झाले. तथापि रक्ताचा दाखला मिळेपर्यंत ज्यांनी शनिवार पाळला त्यांचे पाळणे त्या दाखल्यावर अवलंबून नव्हते, हेही नमूद केले पाहिजे.

या ठिकाणी पोलंडकडे पाहणे उपयुक्त ठरेल. महाराष्ट्राला पोलंड अगदीच अपरिचित नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले होते, त्यांत बहुतेक कॅथलिक होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी पोलंडमध्ये तेहतीस लाखांच्या आसपास ज्यू होते. नाझींनी त्यांतले सुमारे तीस लाख मारले. वाचलेल्यांपैकी बहुतेक पुढे देश सोडून गेले. १९६८ मध्ये तेथील सरकारनेच ज्यूविरोधी मोहीम काढली तेव्हा आणखी हजारोंना बाहेर पडावे लागले. साम्यवादी राजवट १९८९ मध्ये संपल्यावर एक विलक्षण गोष्ट घडू लागली. आपली आजी ज्यू होती, तिने ते आयुष्यभर लपविले, असे कित्येकांना मोठेपणी कळले. क्राकोव्हमध्ये १९८८ पासून ज्यू संस्कृतीचा महोत्सव भरतो. वॉर्साला २०१३ मध्ये पोलिश ज्यूंच्या इतिहासाचे मोठे संग्रहालय उघडले. महोत्सव भरविणारे आणि थडग्यांचे दगड शोधून पुन्हा उभे करणारे पुष्कळदा ज्यू नसलेले पोलिश नागरिक असतात. वारसा आहे, पण वारस थोडे.

कोकणचे रिकामपण वेगळे आहे, आणि हा फरक पुसट होऊ देता कामा नये. येथे कोणाला आपली आजी लपवावी लागली नाही. तिचे आडनाव दारावर होते. माणसे गेली ती आपल्या पायांनी, आणि आपली मराठी घेऊन. १९५०च्या सुमारास वीस हजारांच्या घरात असलेल्या या समाजाचे आज भारतात काही हजारच लोक उरले आहेत. त्यांतले बहुतेक मुंबई, ठाणे व पुणे येथे राहतात. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. त्यामुळे शिक्षणसंस्था चालविणे सोपे होईल. पण सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा प्रौढ पुरुष काही शासकीय निर्णयाने जमत नाहीत. अलिबागच्या इस्रायल आळीतील मागेन आबोथ, पनवेलचे व रेवदंड्याचे बेथ एल ही प्रार्थनामंदिरे उभी आहेत. सणासुदीला मुंबईहून मंडळी येतात, इस्रायलहून आलेल्या कुटुंबांची मोठी गाडी आळीत थांबते, आणि नातवंडांना आजोबांचे घर कोणते ते दाखविले जाते. एरवी दिवस दहांच्या गणतीत अडतो. एखाद्या ठिकाणी आठ जमले म्हणजे उरलेल्या दोघांसाठी वाट पाहणे, शेजारच्या गावी निरोप धाडणे, आणि कोणी न आल्यास सामूहिक प्रार्थनेचे भाग वगळून प्रत्येकाने स्वतःपुरते म्हणणे, असा शिरस्ता होऊन बसतो.

मराठीपासून दूर, परप्रांतात राहणाऱ्या श्रोत्यांना यातील एक गोष्ट विशेष जवळची वाटेल. दिमोना, अश्दोद, बीरशेबा, लोद या इस्रायलच्या गावांत मराठी अजून ऐकू येते. तेथून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. कोकणात असताना या लोकांनी परक्या भाषेतले एक वचन जपून आपले वेगळेपण राखले होते. तेथे आता मराठी ही त्यांची वेगळी खूण झाली आहे. वाद असा आहे की ही खूण तिसऱ्या पिढीपर्यंत टिकेल काय. मुले हिब्रूत बोलतात. आजीला मराठीत उत्तर देणारी थोडी आहेत. मात्र लग्नाच्या आदल्या दिवशी हळद-मेंदीच्या वेळी बायका मराठी गाणी म्हणतात आणि मलीद्याचे ताट तयार होते. त्यासाठी लागणारे पोहे तेथील भारतीय दुकानांत मिळतात.

इकडे कोकणातल्या दफनभूमींत दगडांवर हिब्रू, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही लिप्या आढळतात. काही ठिकाणी गवत कमरेइतके वाढलेले असते, पण पावसाने धुतलेल्या दगडांवर मृताचे नाव, गाव आणि शक किंवा सन वाचता येतो. हिब्रू ओळ वाचू शकणारे आज त्या गावात फारसे नाहीत. खालची मराठी ओळ शाळेत जाणारे कोणतेही मूल वाचून दाखविते.