रक्त पातळ करणारी गोळी आणि तरुण बाई
(कार्यकर्त्यांच्या आरोग्य शिबिरातील भाषण)

बाईच्या आरोग्याची चर्चा गर्भाशय, बाळंतपण आणि रक्तक्षय यांच्या पुढे फारशी जात नाही. आज मला बाईच्या हृदयाविषयी बोलायचं आहे.

लहानपणी घसा सुजतो, मग ताप येतो, सांधे दुखतात. या संधिवाताच्या तापाने काही मुलांच्या हृदयाची झडप खराब होते. दाटीवाटीची घरं, गरिबी आणि अर्धवट उपचार असतात तिथे हा आजार टिकून आहे, आणि त्यात बायांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. पुढे झडप आकसते, हृदयाचा वरचा कप्पा फुगतो आणि नीट आकुंचन न पावता नुसता थरथरत राहतो. यालाच डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. तिथे रक्त साकळतं, गुठळी मेंदूत जाते आणि तिशीतल्या बाईला लकवा होतो.

एरवी हा थरथरण्याचा आजार उतारवयातला. साठीच्या आतल्या, रक्तदाब-मधुमेह वगैरे नसलेल्या माणसाला सहसा रक्त पातळ करणारी गोळी लागत नाही. पण झडप बरीच आकसली असेल तर वय पाहायचं नसतं. पंचविशीतही गोळी लागते. म्हणून ‘तरुण आहे, कशाला रोज गोळ्या?’ हे घरातलं बोलणं जिवावर बेतू शकतं.

गोळी म्हणजे वॉरफरिन किंवा असेनोकुमरॉल. डोस कमी पडला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. म्हणून आयएनआर ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते. आकडा साधारण 2 ते 3 मध्ये हवा. मेथी-पालक बंद करायची गरज नाही, पण एक आठवडा भरपूर आणि एक आठवडा अजिबात नाही, असं नको. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घ्यायच्या नाहीत.

आता बायांचे खास प्रश्न. पाळीत रक्तस्राव वाढतो. तपासणीत ते कुणी विचारत नाही आणि बाई लाजेने सांगत नाही. माला-डीसारख्या गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो, तर तांबीने अंगावरून जास्त जाऊ शकतं. गरोदरपणात, विशेषतः 6 ते 12 आठवड्यांत, वॉरफरिनने गर्भाला इजा होऊ शकते. पण गोळी अचानक सोडली तर आईचाच जीव धोक्यात! म्हणून मूल हवं की नको, कधी हवं, हे आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवायला हवं. दिवस राहिल्यास लगेच जायला हवं. वॉरफरिन घेताना अंगावर पाजता येतं.

तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या आल्या आहेत. पण 2022 साली प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ अभ्यासात झडपेचा आजार असलेले साडेचार हजारांवर रुग्ण होते, त्यांत सुमारे 72 टक्के बाया. नव्या रिव्हरोक्सॅबानपेक्षा जुन्या गोळीवर मृत्यू कमी झाले. म्हणजे गरीब बाईला जुनीच गोळी हवी, आणि तपासणीही हवी.

शहरातल्या तपासणीसाठी मजुरी बुडवायची, एसटीचं भाडं मोजायचं आणि नवऱ्याची परवानगीही घ्यायची? लग्न मोडेल म्हणून लपवलेला आजार सासरी गोळ्या लपवायला लावतो.

म्हणून आपली मागणी: आयएनआर तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळाली पाहिजे, संधिवाताच्या तापाच्या मुलींना पेनिसिलिनचं इंजेक्शन नियमित मिळालं पाहिजे. आणि आपलं काम: वस्तीत दम लागणारी, छातीत धडधडणारी तरुण बाई दिसली, तर ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडू नका. तिच्यासोबत दवाखान्यात जा.