अणुभट्टीची राख

चूल म्हटली कीं राख आलीच. लाकडाच्या चुलीची राख आपल्या आजीनें भांडीं घांसावयास वापरली, कोळशाच्या शेगडीची राख परसांतल्या आळ्यांत गेली. आजच्या भाषणाचा विषय अणुशक्तीपासून मिळणारी वीज हा आहे. त्या विजेचें गुणगान करण्याचा माझा विचार नाहीं, आणि तिचें भय घालण्याचाहि नाहीं. मी शाळामास्तर. सारी हयात अंबरनाथ-बदलापूरकडील मुलांना शिकविण्यांत गेली, आणि या विषयाशीं आल्यावर मुलें जो प्रश्न पहिल्यानें विचारीत तोच आज येथें घेतों : या चुलींत जळतें काय, आणि उरतें काय?

आमच्या पिढीला राखेची मोठी ओळख ठाकुर्लीस झाली. कल्याण सोडून मुंबईच्या बाजूस निघालें कीं चोळें गांवाजवळ रेल्वेचें वीजगृह लागे. विजेच्या गाड्यांसाठीं १९२९ च्या सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें तें उभारलें होतें. आज तें बंद आहे. पण माझ्या लहानपणीं त्याचीं धुराडीं गाडींतून दिसत, आणि कोळसा जळला म्हणजे धूर आकाशांत जातो व राख जमिनीवर राहते, हा धडा पुस्तकाआधीं तेथें समजे. आपल्याकडील दगडी कोळशांत राखेचा अंश फार, तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. एक युनिट वीज काढावयाची तर सुमारें पाऊण किलो कोळसा जाळावा लागतो. हे दोन आंकडे ध्यानांत ठेवावे. पुढें त्यांचें काम आहे.

आतां तारापूरकडे वळूं. हें ठिकाण आपल्याला परकें नव्हे. २०१४ सालीं पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत तारापूर आणि आपण एकाच ठाणें जिल्ह्यांत नांदत होतों. तेथें चार अणुभट्ट्या आहेत. पहिल्या दोन अमेरिकन बनावटीच्या. त्यांची वीज १९६९ च्या ऑक्टोबरांत रीतसर मिळूं लागली. पुढच्या दोन आपल्याकडील इंजिनियरांनीं बांधलेल्या, प्रत्येकीं ५४० मेगावॉटच्या. त्या २००५ व २००६ सालीं कामास लागल्या. या दुसऱ्या जोडीचें इंधन साधें, म्हणजे निसर्गांत सांपडतें तसेंच युरेनियम असतें.

तें सांपडतें कोठें? झारखंडांत जादुगुडा म्हणून गांव आहे. तेथील खाण नऊशें मीटर खोल जाते. एवढ्या खोलींतून वर काढलेल्या एक टन खडकांत युरेनियम असतें जेमतेम अर्धा किलो. म्हणजे एक किलो युरेनियमसाठीं दोन टन खडक दळावा लागतो, आणि ती दळलेली पूड तेथेंच बांध घालून सांठवावी लागते. त्या पुडींत रेडियम राहतें, आणि त्यांतून रेडॉन नांवाचा वायु निघत असतो. आजूबाजूच्या संथाळ, हो इत्यादि आदिवासी वस्त्यांनीं याविषयीं वर्षानुवर्षें तक्रार केली आहे. अणुविजेच्या वादांत तारापूरचें नांव सगळे घेतात. जादुगुड्याचें फार थोडे. माझ्या मतें ही मोठी उणीव आहे, कारण येथें राख चूल पेटण्याच्या आधींच पडते, आणि ती दिवा लावणाऱ्याच्या अंगणांत पडत नाहीं.

खाणीवरून पिवळी पूड हैदराबादेस जाते. तेथें १९७१ सालीं स्थापन झालेल्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्यें ती शुद्ध करून, दाबून, सुमारें १७०० अंश उष्णतेवर भाजून तिच्या काळ्या वड्या करतात. वडी केवढी, तर फळ्यावर लिहून लिहून उरलेल्या खडूच्या तुकड्याएवढी. अशा वड्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरून नळ्यांचीं तोंडें बंद करतात, आणि ३७ नळ्यांची एक जुडी बांधतात. अगदी मुळ्याची जुडी बांधावी तशी, फक्त हातभर लांब. तारापूरच्या नव्या भट्टींत आडव्या ३९२ वाहिन्या आहेत व प्रत्येकींत १३ जुड्या. भट्टी चालू असतांनाच एका बाजूनें ताजी जुडी आंत सरकवितात आणि दुसऱ्या बाजूनें वापरलेली बाहेर येते. जुडीचा मुक्काम सुमारें वर्षभर, कांहीं थोडा अधिक.

येथें 'जळणें' हा शब्द आपण सोयीसाठीं वापरतों. ज्वाला नाहीं, प्राणवायु नाहीं. युरेनियमच्या हजार अणूंत सात अणु २३५ भाराचे असतात. अशा अणूच्या गर्भांत न्यूट्रॉन शिरला कीं गर्भ दुभंगतो, उष्णता निघते आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात. हे नवे न्यूट्रॉन फार वेगानें धांवतात, आणि वेगवान न्यूट्रॉन अणुगर्भांत सहसा शिरत नाहीं. मुलांना मी सांगत असें कीं, मेल गाडी बदलापूरला थांबत नाहीं, सरळ निघून जाते. थांबते ती लोकल. न्यूट्रॉनची लोकल करण्याचें काम जड पाण्याकडे असतें. हें पाणी दिसावयास साधेंच. पण त्यांतील हायड्रोजन दुप्पट भाराचा असतो. आपल्या रायगड जिल्ह्यांत अलिबागजवळ थळ येथें तें तयार करण्याचा कारखाना आहे. भट्टींतील उष्णतेनें शेवटीं वाफच होते, आणि वाफेनें चक्र फिरून वीज होते. तेथून पुढें ठाकुर्ली आणि तारापूर यांत फरक नाहीं.

आतां मघांचे आंकडे. या भट्टींत एक किलो युरेनियमपासून सुमारें ५०,००० युनिट वीज निघते. महिन्यास दीडशें युनिट जाळणाऱ्या घराला ती पंचवीस वर्षांहून अधिक काळ पुरेल. तेवढीच वीज कोळशावर काढूं म्हटलें तर ३५ टनांच्या आसपास कोळसा लागेल, आणि त्याची राख पडेल जवळजवळ १२ टन. त्या एक किलो युरेनियमपैकीं प्रत्यक्ष दुभंगतें किती? सुमारें सात ग्रॅम. सोनाराच्या तराजूंत अर्ध्या तोळ्याहून थोडें अधिक. एका कुटुंबाच्या पाव शतकाच्या विजेची खरी राख एवढीच. पण ही राख हातांत घेण्याची नव्हे. भट्टींतून नुकत्याच निघालेल्या जुडीजवळ आडोशावांचून कांहीं मिनिटें उभें राहणेंहि प्राणघातक होय.

उरलेल्या ९९३ ग्रॅमांचें काय, हा प्रश्न हुशार मूल लगेच विचारतें. त्यांतील बहुतेक युरेनियम जसेंच्या तसें असतें. थोड्याशा युरेनियमचें मात्र, साधारण चार ग्रॅमांचें, प्लुटोनियम झालेलें असतें, आणि तें स्वतःच इंधन होऊं शकतें. लांकूड जळतां जळतां चुलींतच कांहीं नवीं लांकडें तयार व्हावीं, असा हा प्रकार आहे. होमी भाभांनीं देशाच्या अणुशक्तीची जी तीन टप्प्यांची आंखणी केली, ती याच गोष्टीवर उभी आहे.

हीच गोष्ट तारापूरला एकदां अडचणींत उपयोगी पडली. पहिल्या दोन भट्ट्यांना २३५ भाराच्या अणूंचें प्रमाण वाढविलेलें इंधन लागतें, आणि तें अमेरिकेनें पुरवावें असा १९६३ सालचा करार होता. १९७४ सालीं पोखरण येथें आपण स्फोट केला. १९७८ सालीं अमेरिकेनें नवा कायदा केला आणि पुरवठ्याचा मार्ग आंखडला. पुढें फ्रान्सनें दहा-एक वर्षें इंधन दिलें. मग करार संपला व तेंहि थांबलें. तेव्हां वापरलेल्या इंधनांतून वेगळें काढलेलें प्लुटोनियम युरेनियममध्यें मिसळून तारापूरलाच नव्या जुड्या बनविण्यांत आल्या, आणि त्या भट्टींत चालल्या. १९९५ सालीं चीनकडून व २००१ सालीं रशियाकडून इंधन आलें तोंवर या भट्ट्या विझल्या नाहींत. याचा अभिमान अवश्य वाटावा. परंतु पोखरणच्या स्फोटांतहि प्लुटोनियमच होतें, आणि तें तुर्भ्यासच वेगळें काढलेलें होतें. राख चाळण्याच्या या विद्येकडे जग संशयानें पाहतें तें उगीच नव्हे.

चाळण्याची रीत अशी. वापरलेल्या जुड्या आधीं खोल पाण्याच्या हौदांत कांहीं वर्षें ठेवतात. पाणी त्यांना थंड करतें आणि किरणोत्सर्गहि अडवितें. मग जाड भिंतींआड, यंत्राच्या हातांनीं, त्यांचे तुकडे करून नत्राम्लांत विरघळवितात, व युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतात. उरतें तें तेजाळ आम्ल, म्हणजे ते सात ग्रॅम. तें कांच होणाऱ्या द्रव्यांत मिसळून हजारएक अंशावर वितळवितात आणि पोलादी डब्यांत ओततात. तारापूरला हें काम १९८५ पासून होतें. कांचच कां? कारण बरणींतलें लोणचें बरणी फुटली कीं सांडतें. पण रंगीत बांगडी फुटली तरी तिचा रंग सांडत नाहीं, तो कांचेचाच झालेला असतो.

हे डबे पुढें सांभाळावयाचे किती दिवस? त्यांतील सीझियम व स्ट्रॉन्शियम यांचें तेज दर तीस वर्षांनीं निम्मे होतें. तीनशें वर्षांत तें हजारांशावर येईल. तीनशें वर्षांपूर्वीं पहिल्या बाजीरावाची पेशवाई चालू होती, हें लक्षांत आणा. आणि चाळणींतून निसटलेल्या प्लुटोनियमच्या कणांचें तेज निम्मे होण्यास २४,००० वर्षें लागतात; तेथें इतिहासाचें पुस्तक संपतें.

श्रोतेहो, खरी शंका मला येथें येते, आणि ती शास्त्राविषयीं नाहीं. अंबरनाथचें शिवमंदिर शके ९८२ चें आहे. साडेनऊशें वर्षांहून अधिक काळ तें उभें आहे. त्याच्या पायथ्याशीं वाहणाऱ्या वालधुनीची मात्र आपण दोन-तीन पिढ्यांत गटार केली. २०१४ सालीं उल्हासनगरांत याच वालधुनींत रात्रीं रसायनें ओतलीं गेलीं, आणि शेंकडों लोकांना श्वास कोंडून रुग्णालयांत न्यावें लागलें. ज्या समाजाला आपल्या दारावरून जाणाऱ्या टँकरवर एक रात्र लक्ष ठेवतां आलें नाहीं, त्यानें तीनशें वर्षांच्या पहाऱ्याची हमी द्यावी, हें ऐकतांना मन कचरतें.

दोहोंत फरक आहे, तोहि सांगितला पाहिजे. वालधुनींत पडलेल्या विषाचा हिशेब कोणाजवळ नाहीं; अणुभट्टीच्या राखेचा हिशेब ठेवावाच लागतो, आणि ती इतकी थोडी असते कीं तो ठेवतां येतो. मात्र हिशेब तपासणारा हिशेब लिहिणाऱ्याच्या हाताखालचा असूं नये. १९८३ सालीं अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झालें. २०१२ सालीं देशाच्या महालेखापरीक्षकांनीं त्याच्या कारभारावर अहवाल दिला, आणि मंडळाचे अधिकार व स्वातंत्र्य अपुरें असल्याचें त्यांत नमूद केलें. भट्ट्या म्हाताऱ्या झाल्यावर त्या उतरविण्याच्या तयारीविषयींहि त्यांनीं बोट ठेवलें. तारापूरच्या नव्या भट्ट्यांसाठीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं दोन गांवें उठलीं. त्या लोकांना तर हा अहवाल वाचण्याचा हक्क आपल्याहून अधिक आहे.

कांचेचे ते डबे आज तारापूरला जमिनीखालच्या कोठडींत उभे आहेत. त्यांना थंड ठेवण्यासाठीं पंखा नाहीं. डब्यांच्याच उष्णतेनें हवा तापून उंच धुराड्यांतून वर जाते आणि तिच्या जागीं गार हवा आंत येते. वीज गेली तरी हें चालतें. पुढें त्यांना खोल खडकांत कायमचें पुरावयाचें आहे. फिनलंडनें त्यासाठीं चारशें मीटरांहून खोल भुयारें खोदलीं आहेत. आपल्याकडे तशी जागा अद्याप झालेली नाहीं.