जास्वंदीवरील पांढरा कापूस

शहापूर-मुरबाडकडे ऊन तापूं लागलें, कीं अंगणांतल्या कुंड्यांतील जास्वंदीवर कधीं कधीं विलक्षण रोग पडल्यासारखा दिसतो. पानें आकसतात, कळ्या गळतात आणि पेऱ्यांवर कापसासारखें कांहीं पांढरें धरतें. गणपतीला वाहावयास फूल मिळेना, म्हणून घरधनीण हळहळते. कोणी बुरशी समजून औषध मारतो, कोणी उन्हाची झळ म्हणून पाणी वाढवितो.

परीक्षा अगदीं सोपी आहे. काडीनें तो कापूस विसकटून पाहा. आंत मऊ, अंडाकृति, मंद सरकणारे किडे दिसले, तर ती बुरशी नव्हे. तो पिठ्या ढेकूण. खोडावर मुंग्यांची रांग असल्यास संशय आणखी बळावतो. कारण ह्या किड्यांच्या अंगांतून स्रवणाऱ्या गोड चिकट्यासाठीं मुंग्या त्यांची राखण करतात.

अशी कुंडी प्रथम वेगळी ठेवावी. फार बाधलेले शेंडे कापून जाळावे आणि उरलेलें झाड पाण्याच्या धारेनें धुवावें. मग लिटरभर पाण्यांत चहाचा एक चमचा कडुनिंबाचें तेल व किंचित् साबण घुसळून सायंकाळीं पानांच्या खालच्या अंगास फवारावें. आठवड्यानें पुन्हा फवारावें. मुंग्यांची वाटही मोडावी.

मात्र फवारणीपूर्वीं नीट पाहा. त्याच कापसांत लांब पांढऱ्या झुबक्यांचा, मोठा व चपळ जीव दिसला, तर ती बहुधा क्रिप्टोलीमस भुंगेऱ्याची अळी असते. हा भुंगेरा १८९८ सालीं ऑस्ट्रेलियाहून हिंदुस्थानांत आणला गेला. पिठ्या ढेकूण हेंच त्याचें आवडतें भक्ष्य. तेथें हात आवरावा. शत्रूच्या वेषांत आलेला मित्र आपल्याच हातून मरूं नये.