नाव घालण्यापूर्वी



वैशाखातल्या सभेत आंब्याची गोडी गावी, हे उचित. आज मात्र आम्ही आंब्याच्या एका वैऱ्याविषयी, आणि त्याहूनही त्याच्या नावाविषयी बोलणार आहोत. कोकणातले बागाईतदार जिला भिरूड म्हणतात, ती खोड पोखरणारी अळी पुढे लांब शिंगांचा भुंगा होऊन बाहेर पडते. शिंगे म्हणजे वास्तविक स्पर्शेंद्रिये. नराची तर अंगाहूनही लांब असतात.

असे पाच वाळलेले भुंगे आमच्याकडे आले. चार पाहताच नाव ओठांवर आले : बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. डी गीअर याने १७७५ साली वर्णिलेली ही जात. मानेमागच्या ढालीवर दोन तांबूस ठिपके, म्हणूनच हे नाव. पाचवा मात्र लहान, पांढुरक्या ठिपक्यांचा, एक शिंग तुटलेला. तोही त्याच जातीचा, की तिच्या एखाद्या भाऊबंदाचा?

आता रंगावर विसंबावे, तर मेलेल्या किड्याचा रंग विटतो, अंगावरची लव झिजते. आकारावर जावे, तर अळीला खायला कमी मिळाले की भुंगा खुजा निपजतो. तेव्हा पाहायचे ते न विटणारे : खांद्यावरचा काटा, पाठीच्या कडक पंखांच्या मुळाशी असलेले दाणे, त्या पंखांची टोके, शिंगांची पेरे, आणि तेवढ्यानेही न भागल्यास सूक्ष्मदर्शकाखाली नराची जननेंद्रिये. किडा कोणत्या झाडातून निघाला, हेही मोलाचे. आमच्या चिठ्ठीवर मात्र एवढेच होते : 'पावसाळा, दिव्याखाली.' दिव्यावर आलेला भुंगा आपले झाड सांगत नाही!

कोणी म्हणेल, एका किड्याच्या नावासाठी एवढा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर परदेशातल्या दोन उदाहरणांत आहे. पूर्व आशियातले दोन भुंगे, दोघेही काळे, पांढऱ्या ठिपक्यांचे. एक अनॉप्लोफोरा ग्लॅब्रिपेनिस, दुसरा अनॉप्लोफोरा चायनेन्सिस. पहिला १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आढळला आणि पुढे अमेरिकेत हजारो झाडांवर कुऱ्हाड चालवावी लागली. दुसरा २००० साली इटलीच्या लोंबार्दी प्रांतात सापडला. पहिल्याच्या अळ्या खोडात आणि वरच्या फांद्यांत राहतात. दुसऱ्याच्या बुंध्याशी आणि मुळांत. दुसऱ्याला पहिला समजून नुसते खोड तोडले, तर झाड जाते आणि कीड मात्र जमिनीत सुखाने नांदते. दोघांना ओळखण्याची मोठी खूण कोणती? चायनेन्सिसच्या पंखांच्या मुळाशी बारीक दाणे असतात, ग्लॅब्रिपेनिसचे पंख तिथे गुळगुळीत. अशा चिमुकल्या दाण्यांवर झाडांचे भवितव्य अवलंबून असते.

म्हणून पाचव्या भुंग्याच्या चिठ्ठीवर आम्ही लिहिले : 'बॅटोसेरा, जात अनिश्चित.' हे लिहिताना मन खट्टू झाले, हे कबूल करतो. पण चुकीचे नाव एकदा पेटीत शिरले की पुढचे लोक ते खरे मानून त्यावर उपाय रचतात. अनिश्चित म्हटलेला किडा मात्र पुन्हा तपासला जातो.

श्रोतेहो, आपल्या बागेत असा भुंगा सापडलाच, तर तो जपून ठेवा आणि सोबत चिठ्ठीवर दिवस, गाव आणि झाड एवढे लिहा. नाव मागाहून घालता येईल. त्या चिठ्ठीवाचून ते घालणे आम्हांला फार अवघड जाते.