दारामागचा सिलिंडर

(नागपूर येथे युवकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय असा आहे : उद्या सगळं कोलमडलं, दवाखाना नाही, बाजार नाही, सरकार पोचत नाही, तर माणसं वाटून खातील की जो तो आपापलं बघेल? मी सॉफ्टवेअरचं काम करणारा माणूस. समाजशास्त्र शिकलेलो नाही. म्हणून उद्याबद्दल भाकीत करण्यापेक्षा जे पाहिलंय तेच सांगतो. कारण हे आपण एकदा पाहिलंय, इथेच, नागपुरात. एप्रिल २०२१.

तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळा-कॉलेजात असतील. मेडिकल आणि मेयो भरलेले. खाजगी दवाखान्यांच्या दारात गाड्यांमध्ये पेशंट. रेमडेसिव्हिर मिळेना, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला १९ एप्रिलला सांगावं लागलं की नागपूरला १०,००० कुप्या द्या, आणि आज रात्री आठच्या आत द्या. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून ऑक्सिजनची रेल्वे नागपुरात आली. सात टँकर होते, तीन इथे उतरले, बाकीचे नाशिककडे गेले. आपल्या शहराचा श्वास रेल्वेने येत होता. कोलमडणं म्हणजे आणखी काय असतं?

त्या दिवसांच्या दोन कहाण्या सगळ्यांना पाठ आहेत. पहिली प्यारे खान यांची. ताजबागच्या वस्तीत वाढलेला, ऑटोरिक्षा चालवून सुरुवात केलेला आणि पुढे मोठा ट्रान्सपोर्टर झालेला माणूस. रमजानच्या महिन्यात स्वतःचे जवळपास ८५ लाख रुपये घालून त्यांनी नागपूरच्या दवाखान्यांना ऑक्सिजन पोचवला. सरकार पैसे परत द्यायला निघालं तेव्हा नको म्हणाले, ही माझी जकात आहे म्हणाले. दुसरी कहाणी काळ्या बाजाराची. एका कुपीसाठी लोकांनी दागिने विकले. ती कुपी विकणारे पकडले गेले, त्यात दवाखान्यात काम करणारेही निघाले.

ज्याचा माणसावर विश्वास आहे तो पहिली कहाणी सांगतो. ज्याचा नाही तो दुसरी. पण दोन्ही एकाच शहरात, एकाच महिन्यात घडल्या. मला वाटतं, आपण प्रश्नच थोडा चुकीचा विचारतो. जगात वाटणारी माणसं वेगळी आणि साठवणारी वेगळी, असं आपण धरून चालतो. मी एकाच माणसाला दोन्ही करताना पाहिलंय. तो माणूस मी आहे.

झालं असं. आम्ही अकरा मित्रांनी पैसे गोळा करून आणि काही ठिकाणी हातापाया पडून चौदा जंबो सिलिंडर जमवले होते. बेड मिळेपर्यंत पेशंटला घरी आधार म्हणून द्यायचे. जंबो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला पाच लिटर लावला तर तेवीस तास पुरतो. मग टेम्पोत टाकायचा, एमआयडीसीतल्या प्लांटसमोर रांग लावायची, भरून आणायचा. कोणता सिलिंडर कोणाकडे, कधी दिला, कधी परत येणार, ही सगळी गूगल शीट माझ्याकडे होती. फोनही मीच घ्यायचो.

१७ एप्रिलला अब्बूंचा ऑक्सिजन ८८ वर आला. बेड नव्हता. आमच्याच चौदातला एक सिलिंडर आमच्या घरी आला. आठ दिवसांनी, डॉक्टरांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे, तो बंद केला. अब्बू सिलिंडरशिवाय ९६ वर होते. त्या दिवशी सिलिंडर परत जायला हवा होता. गेला नाही. मी तो भरून आणला आणि बाहेरच्या खोलीच्या दारामागे उभा केला. रात्री परत लागला तर?

तो तिथे चार दिवस उभा होता. त्या चार दिवसांत मी शीट उघडून लोकांना सांगत होतो, “भाऊ, आत्ता एकही रिकामा नाही.” एक मुलगी तीन वेळा फोन करत होती, तिच्या मामांसाठी. तिसऱ्या वेळी ती काही बोलली नाही, नुसती ऐकत राहिली. माझं उत्तर तेच होतं. त्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. नंतर फोन करायची माझी हिंमत झाली नाही.

पाचव्या दिवशी इफ्तारच्या आधी अम्मी दारामागे झाडत होती. झाडू सिलिंडरला लागला. ती म्हणाली, “बेटा, ये किसका इंतज़ार कर रहा है?” मी तिला समजावलं, अब्बूंना पुन्हा त्रास झाला तर. तिने विचारलं, तुमच्या चौदापैकी असे दारामागे किती आहेत? मी मोजले नव्हते. त्या रात्री प्रत्येक घरी फोन केले. चौदापैकी पाच सिलिंडर अशा घरांत होते जिथे पेशंट बरा झाला होता किंवा दवाखान्यात दाखल झाला होता. पाचातला एक माझा. त्या घरांतलं कोणीही काळा बाजार करणारं नव्हतं. एकाच्या घरून रोज पन्नास डबे बाहेर जात होते. अन्न तो वाटत होता, सिलिंडर मात्र सोडत नव्हता.

का? मी यावर बराच विचार केलाय. अचानक संकट येतं तेव्हा माणसं वाटतात, याबद्दल फार शंका नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जमीन हलली, तेव्हा ढिगाऱ्यात पहिले हात घातले ते वाचलेल्यांनी आणि शेजारच्या गावांनी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत लोकांनी अनोळखी माणसांना रात्रभर घरात घेतलं. मे २०२० मध्ये पायी चाललेल्या मजुरांना नागपूरच्या पांजरी टोल नाक्यावर जेवण, पाणी, चपला मिळत होत्या. अमेरिकेत एन्रिको क्वारंटेली यांनी आयुष्यभर आपत्तीतल्या माणसांचा अभ्यास केला. सिनेमात दिसते तशी पळापळ आणि लूटमार प्रत्यक्षात फार कमी होते, असंच त्यांना आढळलं.

पण सिलिंडर म्हणजे बिस्किटाचा पुडा नव्हे. पुडा दिला तर दुसरा मिळेल, असं वाटतं. सिलिंडर दिला तर तो परत येईल याची खात्री नव्हती. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. बँकांसमोरच्या रांगा तुम्ही टीव्हीवर पाहिल्या असतील. बँक डगमगते तेव्हा रांगेत उभा राहणारा लोभी नसतो. आपण मागे राहिलो तर आपल्याला काही उरणार नाही, एवढीच त्याची भीती असते. त्यानंतर काही महिन्यांत सरकारने ठेवींवरचा विमा एक लाखावरून पाच लाखांवर नेला. माणूस तोच राहतो, पण हमी मिळाली की रांगेत धावायचं कारण कमी होतं.

आम्हीही तेच केलं. दुसऱ्या दिवशी शीटच्या पहिल्या ओळीत लिहिलं : जो सिलिंडर परत करेल, त्याच्या घरी पुन्हा गरज लागली तर त्याचा नंबर पहिला. त्यासाठी एक भरलेला सिलिंडर कायम बाजूला ठेवला आणि ती शीट सगळ्यांना बघायला खुली केली. माझा सिलिंडर त्याच सकाळी गेला, नंदनवनमधल्या एका निवृत्त गुरुजींकडे. उरलेल्या चारांपैकी तीन दोन दिवसांत परत आले. बाजूला ठेवलेला सिलिंडर मागायला त्यांच्यापैकी कोणी आलं नाही.

अशअरी कबिल्याची हदीस तुमच्यातल्या अनेकांनी ऐकली असेल. सफरीत किंवा मदिनेत धान्य कमी पडलं की ते लोक प्रत्येकाकडचं सगळं एका कपड्यावर एकत्र करत आणि एकाच भांड्याने मोजून सारखं वाटून घेत. पैगंबरांनी त्यांना आपलं म्हटलं. लहानपणी मला यातली दिलदारी दिसायची. आता ते भांडं दिसतं. सगळ्यांसमोर, एकाच मापाने. आपल्याला किती मिळणार हे प्रत्येकाला दिसत होतं, म्हणून पोतं उघडणं सोपं झालं असणार.

आता अवघड भाग. हा विश्वास कुठपर्यंत पोचतो? २०२० च्या एप्रिलमध्ये सतरंजीपुरा आणि मोमिनपुरा सील झाले, तेव्हा आजार जणू आपणच आणला अशी हवा होती. तबलिगींवर देशभर गुन्हे दाखल झाले. औरंगाबाद खंडपीठाने ऑगस्टमध्ये परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, असं म्हटलं. पण तोवर आमच्या गल्लीत येणारा भाजीवाला यायचा थांबला होता. त्याच वर्षी रमजानमध्ये इचलकरंजीच्या मुस्लिमांनी ३६ लाख रुपये जमवून सरकारी इस्पितळात अतिदक्षता विभाग उभा केला, सगळ्यांसाठी. आणि मार्च २०२५ मध्ये आपल्याच शहरात दंगल झाली, संचारबंदी लागली. तेव्हा मी माझ्या फोनमधली नावं पाहिली. अडचणीत दूध मागावं अशी पलीकडच्या वस्तीतली किती नावं आहेत? दोन. त्यातले एक ते गुरुजी.

ही दोन नावं कमी आहेत, आणि ती संकटाच्या रात्री वाढत नाहीत. म्हणून तुमच्याकडे दोन कामं मागतो. पहिलं, प्रत्येक मोहल्ल्याची एक वही करा किंवा शीट करा : ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर कोणाकडे, गाडी कोणाकडे, नर्स कोण, रक्तगट कोणाचा कोणता, एकटे राहणारे म्हातारे कुठे. ती सगळ्यांना दिसली पाहिजे आणि वस्तू परत कशी येणार, हे तिच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं पाहिजे. दुसरं, त्या वहीत निदान एक तृतीयांश नावं आपल्या मोहल्ल्याबाहेरची, आपल्या धर्माबाहेरची हवीत. त्यासाठी त्यांच्या दारात जाऊन चहा प्यावा लागेल. ते काम ॲप करून देत नाही, हे मी ॲप बनवणारा सांगतोय.

आमचे चौदा सिलिंडर आजही आहेत. एका मित्राच्या गोदामात, यादीसकट. वर्षातून एकदा आम्ही ते तपासतो. अम्मी मात्र अजून कोणी घरी वस्तू ठेवून गेलं की विचारते, ही कोणाची, कधी जाणार. मागच्या टेबलावर कोरी वही ठेवली आहे. जाताना आपल्या मोहल्ल्याचं आणि आपलं नाव लिहून जा. प्रश्न असतील तर आता विचारा.