तालीम कुणाची, वेळ कुणाची?

(खंडाळा येथे महिला गटांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी व्यायामातली तज्ज्ञ नाही. शिरवळला कारखान्यात पॅकिंगला उभी असते, वय बावन्न, आणि जिना उतरताना गुडघे बोलतात. मागच्या वर्षी डॉक्टरबाई म्हणाल्या, "गोळ्या देते, पण मांडीचे स्नायू बळकट करा. नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही." तेव्हापासून प्रश्न पडला, जिमला नाव नोंदवावं की घरीच करावं?

घरी फुकट, म्हणून आधी घरी सुरू केलं. सतरंजी अंथरली की सासूबाईंना औषध आठवायचं, मुलाला मोजे सापडायचे नाहीत. नवरा म्हणायचा, "रिकामीच आहेस तर चहा टाक." बाई जमिनीवर आडवी झाली म्हणजे एक तर आजारी, नाही तर रिकामी! दहा दिवसांत सतरंजी परत माळ्यावर गेली.

मग जिमला गेले. बायकांची वेळ दुपारी बारा ते दोन. त्या वेळी मी कामावर. "संध्याकाळी या की, कोण नाही म्हणतंय?" असं म्हणाले. नाही कुणीच म्हटलं नाही. पण सगळी तरुण पोरं, मोठ्यानं गाणी, कुणाच्या हातात मोबाईल कुठे रोखलेला ते कळत नाही. महिन्याचे पैसे भरले होते, तेवढे दिवस गेले आणि सोडलं. तरी खरं सांगते, त्या महिन्यात दोन गोष्टी मिळाल्या. वजन पाठीवर न घेता पायांवर कसं उचलायचं ते तिथल्या मुलीनं शिकवलं. आणि त्या तासात मला कुणी हाक मारली नाही.

आता कुणी विचारेल, दिवसभर राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला? मलाही तसंच वाटायचं. राबण्यात हालचाल होते, ती मोजलीही जाते. पण वाकून खुरपताना, उभ्यानं पॅकिंग करताना तेच स्नायू, तेच सांधे झिजतात. ताकद वाढायची तर वजन हळूहळू वाढवावं लागतं आणि मधे विश्रांती लागते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं, मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. २०२४ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आलं, की २०२२ मध्ये भारतात पुरेशी हालचाल न होणाऱ्या बायका सुमारे ५७ टक्के होत्या, पुरुष ४२ टक्के. हा फरक बायकांच्या आळसाचा आहे का? मला तो वेळेचा आणि जागेचा वाटतो.

ही गोष्ट जुनीच आहे. आपल्या तालुक्यातल्या नायगावला १८३१ साली सावित्रीबाई जन्मल्या. त्यांचे जोतिराव पुण्यात लहुजी वस्तादांच्या तालमीत दांडपट्टा शिकले. बायकांना मात्र तालमीचा उंबरा बंद. आत मारुती, म्हणून बाई नको. पुरुषांची महाराष्ट्र केसरी १९६१ मध्ये सुरू झाली. बायकांची पहिली झाली २०२३ मध्ये, सांगलीत, आणि ती गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं जिंकली. बासष्ट वर्षं लागली! ताकद बायकांत आधीही होती, आखाडा नव्हता.

म्हणून आम्ही पाचजणींनी काय केलं ते सांगते. आठवड्यातून तीन संध्याकाळी शाळेच्या पडवीत पाऊण तास जमतो. खुर्चीवर बसणं-उठणं, भिंतीला हात लावून जोर, पाण्याचे कॅन उचलणं. आधी दोन लिटरचे होते, आता पाच लिटरचे. यंत्र एकही नाही. एक आली नाही तर दुसरी तिच्या दारात जाते. बाकी दिवशी घरी दहा मिनिटं, दाराला कडी लावून. पहिले आठ दिवस दारावर थापा पडल्या, मग थांबल्या. चहा ज्याचा त्यानं केला. सहा महिन्यांनी मी जिना कठडा न धरता उतरते. एक मात्र सांभाळा. चढताना धाप लागत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय होता. उपाशी पोटी जोर काढू नका.

तेव्हा जिम की घर, असं मला विचाराल तर मी उलट विचारीन, कुठे तुमचा तास तुमचा राहतो? जिमची वेळ जमत असेल, पैसे असतील, तर बिनधास्त जा. घरी कडी लावता येत असेल तर घरी करा. दोन्ही नसेल तर चौघी मिळून जागा शोधा.

आणि एवढ्यावर थांबू नका. व्यायामशाळांना सरकारी अनुदान मिळतं, तो पैसा आपलाही आहे. ग्रामपंचायत असो की नगरपंचायत, तिथे जाऊन विचारा, व्यायामशाळेत बायकांची वेळ कोणती? दुपारची बारा ते दोन सांगितली तर म्हणा, आम्ही तेव्हा कामावर असतो. सकाळ-संध्याकाळचा एक तास लेखी मागा. एकटी जाऊ नका, पाचजणी जा.