सर्व्हरची शुश्रूषा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी साहित्य, संगीत वा नाट्य यांवर बोलावे, अशी आपल्याकडील प्रथा आहे. असे असूनही यंत्रांच्या दुखण्याखुपण्यासारखा रुक्ष विषय मांडण्याची अनुज्ञा कार्यकारिणीने मला दिली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. विषय रुक्ष असला तरी तो परका मात्र नाही. आपल्या मंडळातील कितीतरी घरांतील मुलगा, मुलगी, सून किंवा जावई आज ‘सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर’ या नात्याने काम करीत आहेत. ते कोठे नोकरी करतात हे घरच्यांना ठाऊक असते. परंतु ते नेमके करतात काय, असे विचारले तर ‘कॉम्प्युटरचे काहीतरी’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. त्या ‘काहीतरी’चा थोडा उलगडा करावा, एवढाच आजच्या व्याख्यानाचा हेतू आहे.

‘सर्व्हर’ या शब्दाचा सरळ अर्थ सेवक. तोही एक संगणकच. फरक इतकाच की त्याच्यापुढे कोणी बसत नाही. थंड राखलेल्या एखाद्या बंद दालनात तो अहोरात्र चालू असतो आणि दूरदूरच्या संगणकांच्या मागण्या पुरवीत असतो. आपणा परप्रांतस्थांना याचे रेल्वेइतके जवळचे उदाहरण दुसरे सापडणार नाही. मे महिन्यात गावी जायचे तर पहाटेपासून खिडकीपुढे रांग लावावी लागे आणि परतीच्या आरक्षणासाठी त्या स्टेशनाला तार करावी लागे, हे येथील ज्येष्ठांच्या स्मरणात असेलच. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत संगणकीय आरक्षणाचा आरंभ झाला. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे परस्परांना जोडण्याचे काम १९९९ साली पुरे झाले आणि एका गावच्या खिडकीवर दुसऱ्या गावाहून सुटणाऱ्या गाडीचे तिकीट मिळू लागले. ही सोय ज्या यंत्रांच्या बळावर उभी राहिली ते सर्व्हर, आणि ती यंत्रे सुरळीत चालावीत म्हणून जागणारी व्यक्ती ती सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर.

या कामाचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. पहिला मांडणीचा, म्हणजे यंत्राने कसे वागावे हे ठरवून देण्याचा. त्याला कॉन्फिगरेशन म्हणतात. दुसरा दोषनिवारणाचा. लोकांच्या नजरेत भरतो तो दुसरा, म्हणून त्याच्यापासून प्रारंभ करतो.

सेवा बंद पडली की चहूकडून एकच घोष सुरू होतो: काहीतरी करा! अशा वेळी पहिला मोह होतो तो यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याचा. पुष्कळदा त्याने कामही भागते, आणि धोका आहे तो नेमका तेथेच. पुन्हा सुरू करताना यंत्राच्या स्मृतीत असलेल्या दोषाच्या खाणाखुणा पुसल्या जातात आणि तोच दोष चार दिवसांनी पुन्हा दारात उभा राहतो. आपल्या वैद्यकपरंपरेत ‘माधवनिदान’ हा ग्रंथ रोगाच्या निदानालाच वाहिलेला आहे. औषधाच्या आधी निदान, हा तो क्रम सर्व्हरच्या बाबतीतही तितकाच खरा आहे. मुरलेला ॲडमिनिस्ट्रेटर ओळखायचा तो त्याच्या हाताच्या चपळाईवरून नव्हे, तर हात आवरून धरण्याच्या सवयीवरून.

त्याचा पहिला प्रश्न असतो: काल चालत होते ते आज चालत नाही, तर मधल्या काळात काय बदलले? दुसरा प्रश्न: बिघाड कोठे नाही? वीज आहे काय, तार जोडलेली आहे काय, यंत्राचा पत्ता सापडतो काय, आतील कार्यक्रम चालू आहे काय, असा हा दहा दुव्यांचा मार्ग असेल तर तो मधला दुवा आधी तपासतो. तेथवर सर्व ठीक असेल तर दोष पलीकडच्या अर्ध्यात असला पाहिजे. अशा रीतीने दर पावलाला शोधाचे क्षेत्र निम्मे होत जाते. तिसरी गोष्ट म्हणजे लॉग, अर्थात यंत्राची रोजनिशी. प्रत्येक सर्व्हर आपल्या हालचाली वेळेसह लिहून ठेवीत असतो. ती रोजनिशी न वाचता केलेला उपाय म्हणजे निव्वळ अंदाज होय.

नित्याच्या व्यवहारातील एक उदाहरण घेऊ. लिनक्स या प्रणालीवर चालणारा सर्व्हर तक्रार करतो की डिस्कवर जागा उरलेली नाही. आणि पाहावे तो अर्धी डिस्क रिकामी! याचे कारण असे की, प्रत्येक फाइलसाठी तेथे ‘आयनोड’ नावाची एक नोंद लागते आणि अनेक प्रकारच्या डिस्क-रचनांत या नोंदींची संख्या आरंभीच ठरून गेलेली असते. लक्षावधी बारीकसारीक फाइली साचल्या की नोंदी संपतात. गोदामात पोती ठेवायला जागा आहे, परंतु नोंदवहीची पाने भरली, म्हणून कारकून माल उतरवून घेईना, तसा हा प्रकार. याच्या उलटही घडते. डिस्क खरोखरच भरलेली असते, कोणी एक प्रचंड फाइल पुसून टाकतो, आणि तरीही जागा मोकळी होत नाही. कारण चालू असलेल्या एखाद्या कार्यक्रमाने ती फाइल उघडून धरलेली असते. तो ती सोडीपर्यंत जागा परत मिळत नाही. दारावरच्या पाटीवरून भाडेकरूचे नाव पुसले, पण बिऱ्हाड आतच आहे! दोन्ही वेळी यंत्राची तक्रार एकच, उपाय मात्र सर्वस्वी निराळे. पहिल्या प्रसंगी बारीक फाइली आवरावयाच्या, दुसऱ्या प्रसंगी त्या कार्यक्रमाला फाइल सोडावयास लावावयाची. निदानावाचून जो पुसतच सुटेल, त्याच्या हातून एखादे दिवशी कोणाचा तरी मोलाचा ठेवा पुसला जाईल.

कधी कधी दोषाचे मूळ आपल्या अंगणात नसतेच. ३० जून २०१२ रोजी पृथ्वीच्या भ्रमणाशी घड्याळांचा मेळ राखण्यासाठी जागतिक वेळेत एक सेकंद अधिक घालण्यात आला. आपल्याकडे तेव्हा १ जुलैची पहाट होती, साडेपाच वाजत होते. त्याच क्षणापासून जगभरातील अनेक लिनक्स सर्व्हर काही काम नसताना घामाघूम झाल्यासारखे पूर्ण वेगाने धावू लागले. प्रणालीच्या गाभ्यात वेळ मोजणाऱ्या भागात एक उणीव राहून गेली होती. ऑस्ट्रेलियात क्वांटास कंपनीच्या विमानांना त्यापायी विलंब झाला. आणि उपाय काय निघाला? घड्याळाला तीच वेळ देऊन ते पुन्हा एकदा लावणे! अशा प्रसंगी ‘केव्हापासून?’ या प्रश्नाचे अचूक उत्तर मिळाले की अर्धे निदान झालेच म्हणून समजावे.

आता मांडणीकडे वळू. सर्व्हरचे वागणे काही साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेल्या नियमांनी ठरते. त्यांत एखादे अर्धविरामाचे चिन्ह गळले तरी सारी सेवा उभीच राहत नाही, असे घडू शकते. म्हणून जाणत्यांनी काही नेम घालून घेतले आहेत. बदल करण्यापूर्वी मूळ फाइलीची प्रत ठेवावी. बदललेले नियम अंमलात आणण्यापूर्वी त्या कार्यक्रमाकडूनच ते तपासून घ्यावेत. एन्जिनएक्ससारख्या सर्व्हर-कार्यक्रमांत तशी सोय असते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर गुण कशाने आला आणि अवगुण कशाने, ते कळत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परत फिरण्याची वाट आधी ठेवावी. फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या वेशीवरचा पहारेकरी. शेकडो मैल दूर असलेल्या सर्व्हरवर त्याचे नियम बदलताना एक नियम चुकला, तर तो पहारेकरी खुद्द धन्यालाच आत घेत नाही. दार ओढून घेतले आणि किल्ली घरातच राहिली, तशी ही अवस्था. यास्तव शहाणा ॲडमिनिस्ट्रेटर एक जोडणी आधीपासून उघडी ठेवतो आणि ‘दहा मिनिटांत मी खूण केली नाही तर जुने नियम आपोआप परत लागू व्हावेत’ अशी तजवीज करूनच बदलाला हात घालतो.

ही दक्षता मोठमोठ्यांनाही चुकलेली नाही. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री नऊनंतर आपल्या देशात व्हॉट्सॲप एकाएकी बंद पडले, हे आपणांस आठवत असेल. फेसबुक कंपनीत देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशाने तिच्या डेटा सेंटरांना जोडणारे जाळेच तुटले. असा आदेश अडवण्यासाठी जी तपासणीची योजना होती, तिच्यातही दोष निघाला. नावावरून पत्ता सांगणारे डीएनएस सर्व्हर जगाला दिसेनासे झाले. दुरुस्तीची नेहमीची साधनेही त्याच जाळ्यावर विसंबून असल्याने माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये धाडावे लागले आणि सेवा पूर्ववत होण्यास सुमारे सहा तास लागले. विहिरीत उतरण्याची शिडी विहिरीतच ठेवू नये, एवढा बोध यातून घ्यावयाचा.

दुसरी घटना ३१ जानेवारी २०१७ ची आहे. गिटलॅब या कंपनीतील एक अभियंता रात्री उशिरा डेटाबेसचा एक बिघाड दूर करीत होता. दोन सर्व्हरांपैकी ज्याच्यावरील माहिती पुसावयाची, त्याऐवजी दुसऱ्या, मुख्य सर्व्हरवर तो आदेश दिला गेला. एकदोन सेकंदांत ते ध्यानी आले. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट माहिती शिल्लक राहिली होती. मग राखीव प्रतींकडे धाव घेतली, तेव्हा कळले की नेमाने निघत असल्याचे मानलेली प्रत मुळी निघतच नव्हती, आणि ती निघत नसल्याची सूचना देणारी पत्रेही वाटेतच नाकारली जात होती. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कारणासाठी काढलेली एक प्रत होती, तिने लाज राखली. त्या सहा तासांतील माहिती मात्र कायमची गेली.

या घटनेनंतर त्या कंपनीने जे केले ते मला अधिक उल्लेखनीय वाटते. तिने काहीही झाकून ठेवले नाही. दुरुस्तीचे काम लोकांना पाहता येईल असे उघड्यावर केले, साऱ्या उणिवा तपशीलवार प्रसिद्ध केल्या, आणि त्या अभियंत्याला बळीचा बकरा केले नाही. माझ्या मते या पेशाचा खरा कस येथे लागतो. ज्या कचेरीत चूक सांगणाऱ्याला शिक्षा होते, तेथे लोक चुका लपवू लागतात. आणि लपवलेला दोष पुढच्या पाळीवर येणाऱ्या निरपराध माणसाच्या माथी फुटतो. थकलेल्या माणसाने मध्यरात्री एकट्याने दिलेला आदेश दुसऱ्या ताज्या डोळ्यांनी तपासला जाईल, अशी व्यवस्था करणे हे वरिष्ठांचे कर्तव्य आहे. घरच्यांचेही एक कर्तव्य आहे, असे मी नम्रपणे सुचवीन. रात्रभर जागून आलेल्या मुलाला वा सुनेला सकाळी ‘बसल्या जागेचे तर काम’ असे म्हणू नये. त्या व्यक्तीला निवांत झोपू द्यावे. तिच्या त्या झोपेवर उद्या कोणाचे तरी तिकीट, कोणाचे निवृत्तिवेतन, कोणाचा औषधोपचार अवलंबून असतो.

शेवटी आपल्या घरचा विषय. पन्नास वर्षांत मंडळांजवळ केवढा ठेवा जमा होतो! सभासदांच्या याद्या, इतिवृत्ते, गणेशोत्सवांची छायाचित्रे, नाटकांच्या ध्वनिफिती, दिवंगत कार्यकर्त्यांची पत्रे. अलीकडे असे साहित्य हौसेने संगणकावर चढवले जाते आणि मूळ कागद रद्दीत जातात. अशा संस्थांत पुष्कळदा असे आढळते की, सारा संग्रह एकाच चिटणिसाच्या घरच्या संगणकात आहे, संकेतस्थळाचे नाव एखाद्या माजी पदाधिकाऱ्याच्या खात्यावर नोंदलेले आहे आणि त्याचा पासवर्ड फक्त त्यालाच ठाऊक आहे. बदली झाली, आजारपण आले किंवा ईश्वरेच्छेने काही विपरीत घडले, तर संस्थेची अर्धशतकाची स्मृती एका कुलपाआड अडकते. परप्रांतात आपली भाषा, आपली माणसे आणि आपला इतिहास यांचा एवढाच लेखी पुरावा आपल्याजवळ असतो. तो पुन्हा कोठून आणावयाचा?

म्हणून माझी कार्यकारिणीला चार सूचनांची विनंती आहे. संग्रहाच्या तीन प्रती असाव्यात. त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, शक्य तर दुसऱ्या गावी असावी. दुसरे, वर्षातून एकदा, वार्षिक सभेपूर्वी, त्या प्रतीतून काही फाइली प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. न उघडलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये. तिसरे, खाती मंडळाच्या नावे असावीत आणि किल्ल्या दोन जबाबदार व्यक्तींकडे असाव्यात. चौथे, कोठे काय ठेवले आहे याची एक वही असावी आणि नव्या कार्यकारिणीकडे सूत्रे देताना हिशेबाच्या वह्यांबरोबर तीही सोपवावी. यासाठी लागणारा खर्च एका सहभोजनाच्या खर्चाहून अधिक होणार नाही, आणि काम करणारी तरुण मंडळी आपल्यातच बसलेली आहेत. त्यांना विचारा, ते आनंदाने करतील.